रोज सकाळी एक पान

आई काय काम करायची असं कुणी विचारलं की आमचा निखिल एका शब्दात उरकतो. ‘टायपिस्ट.’ चूक नाही त्याची. माझ्या व्हिसावर तेच लिहिलेलं होतं. पण चोवीस वर्षं मी जे टाइप केलं ते म्हाताऱ्या माणसांचं बोलणं होतं, आणि तेही एका अशा मुलखाचं, जो मी पोचण्याआधीच नवीन नाव घेऊन बसला होता.

ज्या देशात बसून हे लिहिते आहे तो माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान आहे. त्यामुळे मी त्याला बिनधास्त अरेतुरे करते. एकाहत्तर साली इथले शेख एकत्र आले आणि यूएई झालं. आमचं रास अल खैमा दोनेक महिने मागाहून आलं, लग्नाला उशिरा पोचणाऱ्या पाहुण्यासारखं. त्याआधी या किनाऱ्यावर छोट्या छोट्या राजवटी होत्या, इंग्रजांशी केलेल्या करारांनी बांधलेल्या. वीज नव्हती, रस्ते नव्हते, गोडं पाणी गाढवाच्या पाठीवरून यायचं. चलन मात्र रुपया! मोती मुंबईला जायचे आणि मुंबईहून तांदूळ, कापड, सागवान आणि आजाऱ्यांची औषधं यायची. हे सगळं ज्यांनी पाहिलं ती माणसं भराभर चालली होती, म्हणून रास अल खैम्यातल्या एका खासगी संग्रहालयाने त्यांचं बोलणं कॅसेटवर भरून ठेवायचं ठरवलं. त्या ऑफिसात मला नोकरी लागली.

आमचे ‘हे’ तिथल्या सिमेंट फॅक्टरीत इंजिनिअर. मी सांगलीची, एम.ए. हिस्टरी, तेहतीस वर्षांची, खांद्याला रेक्झिनची पर्स आणि नाकाचा शेंडा कायम वर. इंटरव्ह्यूला समोर उस्ताद फतही बसले होते. इजिप्तचे, शाळामास्तरकीतून रिटायर झालेले, आवाज मशिदीच्या लाउडस्पीकरसारखा.

“अरबी येतं?”

“येस सर. यल्ला, खलास, इन्शाल्ला.”

“तेवढ्यावर टॅक्सी चालवता येईल,” ते म्हणाले. “इतिहास शिकलात ना? मग या किनाऱ्याच्या इतिहासाबद्दल काय माहीत आहे?”

आणि त्या शहाणीने, म्हणजे मी, काय उत्तर द्यावं? “सर, इथे कसला इतिहास? इथे तर वाळू आहे.”

उस्तादांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, “उद्यापासून या. तुमच्याकडून पुसून काढण्यासारखं बरंच आहे.”

काम असं असायचं. एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव जायचा. कॅसेट आली की उस्ताद कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य अरबीत उतरवायचे. मग मला इंग्लिशमध्ये सांगायचे आणि मी टाइप करायची. जो शब्द कळला नाही त्या जागी ते लाल पेनाने एक छोटं वर्तुळ काढायचे. पहिल्या महिन्यात पानंच्या पानं वर्तुळांनी भरलेली. मी त्यांना मनात ‘उस्तादांचे वडे’ म्हणायची.

एक दिवस ते वैतागून म्हणाले, “हा म्हातारा काय बोलतो? ‘उन्हाळ्यात आमच्याकडे बंका नव्हता.’ बंका! ही कुठली अरबी?”

“पंखा,” मी म्हटलं.

“काय?”

“फॅन, सर. पंखा. आमचा शब्द आहे.”

त्यांनी टेप मागे घेतली. “आणि हे? ‘सीदा जा.’”

“सीधा. सरळ.”

“कश्मा?”

“चष्मा! तुम्ही घातलाय तो!”

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एकतीस वडे खाल्ले. उस्तादांची अरबी कैरोच्या पुस्तकांतली. या खलाशांची अरबी मुंबईच्या गोदीत मुरलेली. जिथे उस्तादांचं शिक्षण संपायचं तिथे माझं सांगलीचं ज्ञान सुरू व्हायचं. एका महिन्यात पगार वाढला आणि नाकाचा शेंडा आणखी दोन इंच वर गेला.

अशा शेंड्याचं काय होतं ते सांगते. एक मोती काढणारा पाणबुड्या होता, कान पार गेलेले, त्यामुळे इतका ओरडून बोलायचा की रेकॉर्डरचा काटा थडथडायचा. तो बायकोबद्दल म्हणाला, “ती काय नमूना होती!” मी हसत हसत टाइप केलं, ‘व्हॉट अ स्पेसिमेन शी वॉज’, वर कंसात टीप टाकली, ‘वक्ता पत्नीची थट्टा करतो.’ आपल्याकडे कुणाला नमुना म्हटलं की काय समजायचं ते तुम्हाला माहीत आहे. पुढे त्याच्या मुलाने ते वाचलं आणि थेट ऑफिसात आला. इथे नमूना म्हणजे प्रकार, जात. म्हातारा म्हणत होता, त्या जातीची बाई मी पुन्हा पाहिली नाही. नवरा चार चार महिने समुद्रावर असताना तिने खजुराची बाग सांभाळली, चार मुलं सांभाळली आणि आंधळ्या सासूला रोज पाठीवर घेऊन सावलीत नेऊन बसवलं. मी माफी मागितली. मुलगा भला माणूस. म्हणाला, “मॅडम, मालेश, होतं असं. पण टीप खोडा.”

मी टीप खोडली. शिकले मात्र काही नाही, हे पुढे कळेलच.

माझी सगळ्यात आवडती कॅसेट सालेम नाखव्याची. नाखवा म्हणजे बोटीचा कप्तान, अरबीत नाखुदा, आपल्या कोळ्यांचा नाखवा तोच. टेप झाली तेव्हा हा माणूस नव्वदीच्या आसपास होता, दात एक नाही. पण मुंबईपासून खाली दक्षिणेपर्यंतचा किनारा त्याने बोटावर मोजून सांगितला. या टेकडीला दोन शिंगं, त्या टेकडीवर एकच झाड, इथे पाणी हिरवं झालं की समजायचं खाली खडक आहे. नकाशा नाही, कागद नाही. मी इतिहासाची एम.ए., मला माझ्याच देशाच्या किनाऱ्यावरची चार बंदरं धड ओळीने सांगता आली नसती. उस्तादसुद्धा हेडफोन काढून म्हणाले, “उम्म निखिल, हा माणूस म्हणजे अख्खी लायब्ररी आहे आणि तिला दार एकच.” इथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे मी उम्म निखिल, निखिलची आई.

त्या कॅसेटमध्ये शेवटी एक गोष्ट होती. उस्तादांनी सांगितली आणि मी टाइप केली ती अशी: ‘आमच्या बोटीवर अली नावाचा एक पोरगा होता, डोंगरातल्या लोकांपैकी. घरी न सांगता आलेला. डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. परतीच्या वाटेवर त्याला ताप भरला. वारा फिरला, आम्ही खाडीत शिरलो. चार दिवस पाऊस. एक म्हातारी त्याला रोज सकाळी आपल्या हाताने एक पान द्यायची. (वक्ता कॉफी पितो.) पाचव्या दिवशी तो गेला. आम्ही त्याला वादीत पुरलं.’

वादी म्हणजे डोंगरातली कोरडी दरी. पाऊस झालाच तर तेवढ्यापुरती नदी, एरवी दगडगोटे. रास अल खैम्याच्या पाठीशी अशा कितीतरी वादी आहेत.

यात उस्तादांचं लाल वर्तुळ एकच होतं. म्हातारी जे द्यायची त्या शब्दाभोवती. टेपवर ऐकू यायचं ‘बेज’. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी एका सेकंदात उत्तर दिलं. अरबीत ‘प’ नाही. आमच्या ऑफिसात सगळे अरब दिवसभर ‘मॅडम, बेज नंबर टेन’, ‘मॅडम, दिस बेज मिसिंग’ असंच म्हणायचे. “पेज, सर. पान.” उस्ताद खूश. “अर्थात! कुराणाचं पान. आजाऱ्याला वाचून दाखवत असेल.” झालं. वडा खाल्ला, पुढे चला.

सालेम नाखवा पुढच्या खेपेला भेटलाच नाही. वारला होता.

चार-पाच वर्षांनी ऑफिसात एक बाई आली, मुलाबरोबर. चेहऱ्यावर बुरखा, इथल्या जुन्या बायका घालतात तो, मुखवट्यासारखा, धातूसारखा चकाकणारा. डोळे तेवढे दिसायचे आणि ते फार कामाचे होते. नाव शम्मा. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, म्हणून मी पुढे तिला शम्माताई म्हणू लागले. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलून बापाने उचललेली हिंदी तिच्यापर्यंत झिरपली होती; माझ्याशी ती हिंदीत बोलायची आणि तेच उस्तादांना अरबीत सांगायची.

“मेरा भाई अली,” ती म्हणाली आणि डाव्या हाताची करंगळी अर्धी मुडपून दाखवली.

ती बारा वर्षांची असताना भाऊ घरातून निघून गेला होता. बोटीवर गेला एवढंच कळलं. कुठल्या, कुणाच्या, काही नाही. आई दारात बसून बसून गेली. बापाने मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही, पण दाराला कडी कधी लावू दिली नाही. आणि आता कुणा नातेवाइकाकडून कळलं की एका कॅसेटमध्ये अर्ध्या करंगळीचा अली आहे.

उस्तादांनी टेप लावली. तिने तीन वेळा ऐकली. मग म्हणाली, “चार दिन बारिश? कौन सी वादी में चार दिन बारिश होती?”

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाणेदारपणे सांगितलं, “ताई, म्हातारपणी पाऊस वाढतो. आठवणीत सगळंच वाढतं.”

“और ये बेज क्या?”

“पेज. काग़ज़. कुराण का पान.”

“अली पढ़ना नहीं जानता था.”

“म्हातारी वाचून दाखवत असेल,” उस्ताद म्हणाले.

“और बोट यहाँ आया, तो हमारे घर कोई क्यों नहीं बोला? आधा दिन का रास्ता था, गधे पर.”

त्यालाही उस्तादांकडे उत्तर होतं. बोट दुसऱ्या शेखाच्या गावची, पोराने बापाचं नाव सांगितलेलं नाही, पावसात वाट तुटलेली. ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, “तुम लोग पढ़ा-लिखा. ठीक है,” आणि उठली.

अशी तीन वेळा त्या अनपढ बाईने बरोबर जागी बोट ठेवलं, आणि आम्ही दोन डिग्रीवाल्यांनी तिन्ही वेळा ते अलगद बाजूला केलं.

पुढची सहा वर्षं शम्माताईने वादी धुंडाळल्या. थंडी पडली की दर शुक्रवारी मुलाच्या पिकअपमध्ये बसून एकेका दरीत जायची. मधूनच ऑफिसात डोकावायची, लिंबं नाहीतर डोंगरातला मध माझ्या टेबलावर ठेवायची आणि कुठली वादी झाली ते सांगायची. एकदा मीही गेले. थर्मास, टोपी, सँडल, अशी पिकनिकच्या थाटात. दगडांत बिननावाच्या कबरी, नुसते दोन उभे धोंडे. ती प्रत्येकीपाशी थांबून फातिहाची प्रार्थना म्हणायची.

“ताई, यातली त्याची कुठली कशावरून?” मी दमून विचारलं.

“मेरा नहीं तो किसी का होगा ना,” ती म्हणाली. “उसका भी बहन ढूँढती होगी.”

मी थर्मास उघडून चहा प्यायले.

शेवटी एका वादीत बोरीच्या झाडाखाली एकटीच एक कबर सापडली. शेजारच्या वस्तीतला म्हातारा म्हणाला, परक्या माणसाची आहे, खूप जुनी. शम्माताई तिथेच बसली ती मावळतीपर्यंत. त्या दिवसापासून तो अली. तिने भोवती दगड रचले, झाडाला पाणी घालायची व्यवस्था केली, दर ईदला जाऊ लागली. ऑफिसात येऊन उस्तादांचे आणि माझे आभार मानले. मला तर अत्तराची बाटली दिली. मी ती ऐटीत वापरली सुद्धा.

मग उस्ताद अलेक्झांड्रियाला परतले, मी रिटायर झाले, आमचे ‘हे’ गेले, आणि मी यूएईतल्याच खलिफा सिटीत निखिलकडे राहायला आले. सूनबाई मृणाल वेंगुर्ल्याची. नात सई दहा वर्षांची, मराठी समजतं पण उत्तर इंग्लिशमध्ये.

गेल्या हिवाळ्यात मला ताप आला. तीन दिवस पडून. तोंडाला चव नाही. मृणालने स्वयंपाकघरातून हाक मारली, “सई, आजीला पेज नेऊन दे गं!”

सई आयपॅडवरून मान न उचलता म्हणाली, “विच पेज, मम्मा?”

मी गादीवर उठून बसले. अशी बसले की सई घाबरली. “आजी, यू ओके?”

“काय म्हणालीस?”

“आय जस्ट आस्क्ड विच पेज…”

मृणाल वाडगा घेऊन आली. उकड्या तांदळाची पातळ पेज, वर मिठाचे खडे. “आई, काय झालं? घ्या, गरम आहे तोवर.”

“मृणाल, तुमच्याकडे आजारी माणसाला हेच देतात?”

“अहो, दुसरं काय देणार! माझी आजी तर घरात येईल त्याला पेज द्यायची. आमची अख्खी वाडी पेजेवर वाढली.”

“तुमची काय?”

“वाडी. आई, तुम्हाला ताप चढला का परत?”

वाडी! मी तो वाडगा तसाच धरून बसले. आमच्या सांगलीकडे आजाऱ्याला मऊ भात. पेज हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही, पण ऑफिसातल्या इंग्लिशने कान असा भरला होता की तिथे तांदळाला जागाच उरली नव्हती.

आठवड्याने निखिलला घेऊन रास अल खैम्याला गेले. संग्रहालयात आता नवी पोरं आहेत, कॅसेटी सगळ्या कॉम्प्युटरवर चढवलेल्या. हेडफोन लावला. सालेम नाखव्याचा बिनदाताचा आवाज. ‘म्हातारी त्याला रोज सकाळी आपल्या हाताने बेज द्यायची…’ आणि पुढे, फुर्रर्र. आम्ही कंसात काय लिहिलं होतं? वक्ता कॉफी पितो. कसली कॉफी! तो करून दाखवत होता. वाडगा तोंडाला लावून पेज कशी प्यायची ते त्याने दोन पढतमूर्खांना करून दाखवलं होतं. आणि शेवटचा शब्द. मी तो दहा वेळा ऐकला. वादी म्हणताना अरबांची जीभ दाताला टेकते. नाखव्याची जीभ वर टाळूला वळली होती. वाडी. स्वच्छ, आपल्या कुठल्याही कोकणी खलाशाने म्हणावी तशी. वारा फिरला म्हणून बोट ज्या खाडीत शिरली ती खाडी कोकणातली. पाऊस कोकणातला. चार दिवस काय, तिथे तो आठ दिवसही पडला असता.

उस्तादांना अलेक्झांड्रियाला फोन लावला. ते आता नव्वदी ओलांडलेले. सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

“उम्म निखिल,” शेवटी म्हणाले, “वादी शब्दाभोवती मी वर्तुळ काढलं नव्हतं.”

“नाही, सर.”

“तो मला अरबी वाटला.”

“आणि बेज मला इंग्लिश वाटला, सर.”

“अल्लाह आपल्या दोघांना माफ करो,” ते म्हणाले. “पण आधी त्या बाईला विचारा, ती करते का.”

हेच तर अवघड होतं. निखिलने गाडीत मला सरळ सांगितलं, “आई, जाऊ नकोस. शी इज ॲट पीस. पंचवीस वर्षं ती एका कबरीशी बोलते आहे. आता सत्तरी ओलांडलेल्या बाईला तू जाऊन काय सांगणार? सॉरी, राँग नंबर?”

त्याचं बोलणं दयेचं होतं. मीसुद्धा रस्ताभर मनाशी म्हणत होते, तिला काय फरक पडतो, देवाला सगळ्या कबरी सारख्या. पण तिने तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा मी तिला गप्प केलं होतं. चौथ्यांदाही मीच ठरवायचं का, तिने काय मानावं ते?

शम्माताई खूप वाकली आहे. बुरखा तोच, डोळेही तेच. मला पाहून हात धरून बसवलं, कहवा दिला, खजूर दिला, निखिलला “इतना बड़ा!” म्हणून झालं. मग मी सांगितलं. हिंदीत, अरबीत, हातवारे करून. पेज काय असते, वाडी काय असते, आमच्या मुलखात पाऊस कसा पडतो. चूक कुणाची ते आधी सांगितलं, कारण मागाहून सांगायला धीर झाला नसता.

तिने आत काम करणाऱ्या आपल्या सुनेला हाक मारून पाणी मागितलं. बुरख्याखालूनच प्यायली.

“तो वो बेर के पेड़ के नीचे कौन है?”

“माहीत नाही, ताई.”

“हूँ.” तिने मान हलवली. “उसको अब छोड़ नहीं सकते. पच्चीस साल का रिश्ता है.”

निखिल खाली बघत होता. मीही.

“बारिश,” ती एकदम म्हणाली, आणि तर्जनी माझ्या नाकासमोर धरली. “मैं बोला था कि नहीं? चार दिन बारिश, कौन सी वादी में? बोला था?”

“बोला था.”

“और तू क्या बोला? बुड्ढा लोग का बारिश बढ़ता है!” आणि ती बुरख्याआड हसायला लागली. आधी बारीक, मग खांदे हलवून. माझ्या डोळ्यांना पाणी आणि ही हसते आहे. “अब तू भी बुड्ढी. तेरा बढ़ा कि नहीं?”

मग म्हणाली, करून दाखव. पेज. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. उकडा तांदूळ कुठला मिळायला, होता त्या बासमतीचीच केली. बासमतीची पेज म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं, पण इलाज नव्हता. वाडगा तिच्या हातात दिला. तिने बुरखा वर केला. इतक्या वर्षांत तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. तिने वाडगा तोंडाला लावला आणि सालेम नाखव्यासारखाच आवाज केला. फुर्रर्र.

“इसमें कुछ है ही नहीं,” ती म्हणाली. सगळी संपवली मात्र.

वाडगा मांडीवर ठेवून ती बराच वेळ त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, चल, ती वाडी शोधून दे. मी मनात उत्तर तयार करत होते, की ताई, कोकणात जितके माड तितक्या वाड्या, कुठल्या खाडीतली म्हणून शोधायची? तिने वाडी विचारलीच नाही.

“वो बुढ़िया,” ती म्हणाली. “अपने हाथ से देती थी, बोला ना नाखुदा ने?”

“हां.”

“अली को मैं साठ साल से ज़्यादा दुआ दिया. रोज़. उस औरत को एक दिन भी नहीं. मालूम ही नहीं था ना कि वो है.” मग माझा हात धरला. तिची पकड अजून दगड रचणाऱ्या बाईची आहे. “उसका नाम चाहिए मुझे. नाम लेकर दुआ करेगी. तेरा लोग है, तेरा मुलुक है. पूछ.”

म्हणून हे सगळं लिहिलं. हा दिवाळी अंक कोकणातल्या घराघरांत जातो, असं संपादक म्हणतात. तर खाडीकाठच्या वाडीतल्या तुम्हा मंडळींना विचारते. एकाहत्तरच्या बऱ्याच आधीची गोष्ट आहे, दहा-अकरा वर्षं तरी. अरबांची बोट वादळात आत आली होती. बोटीवरचा एक पोरगा तापाने फणफणला होता, डावी करंगळी अर्धी. तुमच्या घरातली कुणी आजी, पणजी, शेजारची म्हातारी त्याला चार दिवस पेज पाजत होती. भाषा कळत नसणार तिला. पाचव्या दिवशी तिने काय केलं, कुणापाशी कधी बोलली का, हे आम्हाला माहीत नाही. घरात कुणाला आठवत असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. कबर कुठे आहे ते नाही कळलं तरी चालेल. तिचं नाव तेवढं हवं आहे.